आवाजाची नोकरी

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप विद्यालयाच्या संपादक मंडळाकडून आला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता. ‘तुमच्या नोकरीविषयी लिहा, असेही काही काम असते, हे आपल्या मुलींना ठाऊक नसते,’ असे अधीक्षक मॅडमनी फोनवर सांगितले. त्यांचे म्हणणे खरे आहे. मलाही बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षापर्यंत ते ठाऊक नव्हते. आणि नोकरी लागून इतकी वर्षे झाली, तरी आमच्या गावात ते कुणाला नीटसे उमगले आहे, असे म्हणवत नाही. निम्म्या गावाची समजूत अशी की, मी विमान चालवते. उरलेल्यांना वाटते की, धावपट्टीजवळ विमानासमोर उभी राहून हातांतील दोन दांडके हलवणारी व्यक्ती म्हणजे मी. (ते काम वेगळे, ते करणारी माणसे वेगळी, उन्हापावसात उभी राहून ती ते फार निगुतीने करतात.) आई मात्र पहिल्यापासून एकच उत्तर देते, ‘माही पोरगी इमानाईले रस्ता सांगते.’ प्रशिक्षणात पाठ केलेल्या सर्व व्याख्यांपेक्षा मला हीच अधिक नेमकी वाटते.

खालून पाहणाऱ्याला आकाश मोकळे दिसते. प्रत्यक्षात त्यात रस्ते आखलेले असतात, त्यांना नावे आणि क्रमांक असतात, आणि एकाच रस्त्याला अनेक मजले असतात. सर्वसाधारणपणे पूर्वेच्या अंगाने जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची दिली जाते आणि पश्चिमेच्या अंगाने जाणाऱ्यांना सम हजारांची. त्यामुळे समोरासमोर येणारी दोन विमाने एकमेकांच्या वरून-खालून, किमान एक हजार फुटांचे अंतर राखून निघून जातात. जमिनीवर आणि धावपट्टीवर जे चालते ते मनोऱ्यातील नियंत्रक पाहतो, विमानतळाच्या आसपास चढणारी-उतरणारी विमाने ‘अप्रोच’च्या ताब्यात असतात, त्यापलीकडचा लांबचा प्रवास ‘एरिया’ नियंत्रकाकडे असतो. भारताच्या आकाशाचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार मोठे विभाग आहेत. विमान एका विभागातून दुसऱ्यात शिरते, तेव्हा एक माणूस ते दुसऱ्या माणसाच्या हवाली करतो. प्रवाशाला याचा पत्ताही नसतो, आणि नसावा हेच योग्य.

माझे गाव गोंदिया जिल्ह्यात. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहत. आई रोवणीच्या हंगामात दुसऱ्याच्या बांधीत उतरे आणि एरवी मिळेल ते काम करी. पाचवीत मला आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात आणून सोडले, तेव्हा निरोप घेताना बाबांनी फक्त एवढेच विचारले होते की, रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो. तो साडेदहापर्यंत असे, हे ज्यांनी तेथे दिवस काढले त्यांना आठवत असेल. वसतिगृहातील अनेक गोष्टी येथे इतर जण लिहितीलच. सामुदायिक जेवणाच्या आणि हिवाळ्यातील थंड पाण्याच्या आठवणी मी त्यांच्यासाठी सोडून देते. माझ्या विषयाशी संबंध असलेली गोष्ट एकच. रात्रीच्या जेवणानंतर रोज एकाने सभागृहात उभे राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, ध्वनिक्षेपकाशिवाय. सर सर्वांत मागे भिंतीला टेकून उभे राहत आणि शब्द हरवला की फक्त हात वर करीत. हात वर झाला की ते वाक्य पुन्हा. घाई करणाऱ्याला चार-चार वेळा वाचावे लागे. आम्हांला ती शिक्षा वाटे. ओरडल्याने ऐकू जात नाही, शब्द सुटासुटा केल्याने जाते, हे मला तेथे सातवी-आठवीतच कळून चुकले होते. त्याचा पुढे असा उपयोग होईल, हे त्या सरांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आमच्या जिल्ह्यात बिरसी येथे इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. पुढे तेथे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने आमच्या भागावरून घिरट्या घालू लागली. धानाच्या बांध्यांतून बायका वर पाहत आणि पुन्हा वाकत. त्या विमानांशी खालून कुणीतरी बोलत असेल, असा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही. आत बसणारी मुले श्रीमंतांची आहेत, एवढेच ठाऊक होते. वैमानिक होण्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो, हे खरेच आहे. परंतु ज्या कामात सरकार स्वतः शिकवते आणि शिकतानाही वेतन देते, असे एक काम त्याच आकाशात होते. त्याची वार्ता आमच्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला.

नागपुरातील एका अभ्यासिकेत, जेथे आपली शेकडो मुले अजूनही सकाळी सहापासून जागा धरून बसतात, एका मैत्रिणीने मला जाहिरातीचा कागद दाखवला. भारतीय विमानतळ प्राधिकरण. पद, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, हवाई वाहतूक नियंत्रण. पात्रता, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञानाची पदवी, किंवा हे दोन विषय अभ्यासक्रमात असलेली अभियांत्रिकीची पदवी. वयोमर्यादा २७, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. मैत्रिणीचा विषय रसायनशास्त्र होता, म्हणून तो कागद तिच्या कामाचा नव्हता, माझ्या होता. दोन विषयांच्या निवडीवर आयुष्य असे वळते, याचे मला आजही नवल वाटते.

अर्जासोबत केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र लागत होते. संबंधित कार्यालयातील लिपिकाने माझ्या कागदांवर ‘बौद्ध’ हा शब्द पाहिला आणि केंद्राच्या नोकरीसाठी हे चालणार नाही, असे सांगून फाईल परत केली. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. मूळच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला आणि १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा. हे मला त्या दिवशी माहीत होते, पण माहीत असणे आणि खिडकीपलीकडच्या माणसाला पटवणे यांत फार अंतर असते. वसतिगृहाच्या जुन्या अधीक्षकांना मी फोन केला. दुसऱ्या दिवशी ते सहा तासांचा बसचा प्रवास करून आले. त्यांच्या पिशवीत १९९० च्या दुरुस्तीची प्रत होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. ‘ही प्रत मी कितव्यांदा काढतोय, याचा हिशेब नाही,’ एवढेच ते म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी ती खिडकीतून आत सरकवली आणि वाचून होईपर्यंत तेथेच उभे राहिले. पाचव्या दिवशी प्रमाणपत्र हाती आले. त्यांनी परतीचे बसभाडेही घेऊ दिले नाही.

लेखी परीक्षेविषयी सविस्तर लिहिण्यासारखे थोडेच आहे. मी दिली तेव्हा ती संगणकावर होती, दोन तासांत एकशेवीस प्रश्न. निम्मे गणित आणि भौतिकशास्त्राचे, निम्मे इंग्रजी, तर्क, अंकगणित आणि सामान्यज्ञानाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नसतो. पदवीचा अभ्यास मनापासून केलेल्याला भौतिकशास्त्र जड जाऊ नये. आपली मुले अडतात ती वेळेच्या गणितात आणि इंग्रजीत. शिकवणीला जाण्याइतके पैसे माझ्यापाशी नव्हते; घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, हीच माझी शिकवणी.

खरी धास्ती आवाजाच्या चाचणीची होती. ती गुणांची नसते. तुम्ही उत्तीर्ण होता किंवा होत नाही. लेखी परीक्षेत कितीही वर असलात, तरी तेथे अडलात की संपले. मराठी माध्यमातून शिकलेली, घरी झाडीबोलीत बोलणारी मुलगी, आणि परदेशी वैमानिकांशी इंग्रजीत बोलण्याची नोकरी! अभ्यासिकेतील एका मुलाने गंमतीने म्हटले होते की, तुझे इंग्रजी ऐकून विमान परत जाईल. त्या रात्री मला झोप आली नाही. मग मी वसतिगृहातील जुना परिपाठ पुन्हा सुरू केला. रोज पहाटे गच्चीवर एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. मैत्रीण पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून हात वर करायची. दोन महिन्यांनी तिचा हात क्वचितच वर जाऊ लागला.

चाचणीत एक उतारा वाचायला दिला, काही प्रश्न विचारले आणि स्वतःविषयी बोलायला सांगितले. तोतरेपणा नाही ना, शब्द गिळले जात नाहीत ना, ऐकून समजते ना, हे ते पाहतात. बाहेर पडताना माझ्या ध्यानात आले की, कुणीही माझ्याकडून साहेबी उच्चारांची अपेक्षा केली नव्हती. पुढे प्रशिक्षणात याचे कारण समजले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानन संघटनेने भाषाप्रावीण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. काम करण्यासाठी किमान चौथी लागते, आणि चौथीवर असणाऱ्याची दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा होते. उच्चारांवर मातृभाषेची छाया असली तरी चालते. तिने समजण्यात अडथळा आणता कामा नये, इतकेच. किंबहुना या क्षेत्राने खुद्द इंग्रजीलाच थोडे वाकवले आहे. खरखरणाऱ्या रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात, म्हणून पाचाला ‘फाइफ’ म्हणायचे आणि नवाला ‘नायनर’. तिनाला ‘ट्री’, चाराला ‘फोवर’. लंडनचा नियंत्रकही असेच बोलतो आणि गोंदियाचाही. वर्गात पहिल्यांदा ‘ट्री’ ऐकले, तेव्हा मला हसू आवरेना. इतकी वर्षे आम्हांला ज्या उच्चारासाठी लोक हसत आले, तोच येथे नियम होता.

त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, मादक पदार्थांच्या सेवनाची तपासणी, वैद्यकीय तपासणी. डोळे, कान, रंगांची ओळख. आणि एके दिवशी नियुक्तीचे पत्र. नियंत्रकांचे प्रशिक्षण प्रयागराजच्या नागरी विमानन प्रशिक्षण महाविद्यालयात, हैदराबादच्या केंद्रात आणि गोंदियाच्या राष्ट्रीय विमानन प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्थेत होते. माझ्या पत्रात गोंदिया होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले नकाशावर गोंदिया शोधत होती, आणि मी मात्र आईने बांधून दिलेला डबा घेऊन सर्वांत आधी पोहोचले.

ते महिने कठीण होते. सकाळी हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानांची क्षमता, हवाई नियम, दुपारी सिम्युलेटर. काचेच्या मनोऱ्यासारख्या खोलीत भोवती पडदे, पडद्यांवर धावपट्टी, विमाने, पाऊस, धुके, रात्र, शिकवणाऱ्यांच्या मनाला येईल ते. वैमानिकांचे आवाज पलीकडच्या खोलीतून येतात. तेथे माणसे बसलेली असतात. आपण सांगू तसे ती पडद्यावरचे विमान हलवतात आणि ठरवून चुकाही करतात. प्रत्येक विमानाची एक अरुंद पट्टी असते, तिला ‘स्ट्रिप’ म्हणतात. आपण काय सांगितले, त्याने काय मान्य केले, सारे तिच्यावर लिहायचे. भिंतीवरचे घड्याळ जागतिक वेळ दाखवते, आपल्याहून साडेपाच तास मागे. आजही रात्रपाळीत मध्यरात्री माझ्यासमोर साडेसहाच वाजलेले असतात.

सिम्युलेटरमध्ये विमाने दोनाची चार, चाराची सात होत जातात, आणि एका क्षणी माणसाच्या डोक्यातील चित्र विस्कटते. आमच्यातील हुशार मुलेही खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन रडलेली मी पाहिली आहेत. ज्यांना सारे पाठ होते त्यांचेच चित्र आधी विस्कटे, कारण ती पुढचे वाक्य आठवण्यात गुंतत आणि समोरचा काय म्हणाला ते त्यांच्या कानांवरून जाई. या व्यवसायात बोलण्याला फार महत्त्व आहे असे बाहेरच्यांना वाटते. माझ्या मते तो मुख्यतः ऐकण्याचा व्यवसाय आहे. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिक जशीच्या तशी परत म्हणतो, तिला ‘रीडबॅक’ म्हणतात. ती परत आलेली सूचना लक्ष देऊन ऐकणे, हे ती देण्याहून अवघड असते. आपल्याला जे ऐकायचे असते, तेच ऐकू येण्याची मनाला खोड आहे.

हे का, ते शिकवण्यासाठी आम्हांला दोन अपघात अक्षरशः मिनिटामिनिटाने समजावून सांगण्यात आले. पहिला २७ मार्च १९७७ चा, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफचा. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट होती. एकाच्या वैमानिकाने परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली. त्याच्या सहवैमानिकाचे शब्द संदिग्ध होते. नियंत्रकाला वाटले, ते उड्डाणाच्या जागी उभे आहेत. थांबण्याविषयीचे शब्द आणि दुसऱ्या विमानाचा इशारा एकाच क्षणी रेडिओवर आले आणि एकमेकांत मिसळून नुसती कर्कश शीळ ऐकू गेली. ५८३ माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द आम्ही प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, किंवा दिलेली परवानगी रद्द करतानाच उच्चारतो. एरवी सर्वत्र ‘डिपार्चर’. एका शब्दाला इतके जपून ठेवलेले मी अन्यत्र कोठेही पाहिलेले नाही.

दुसरा आपल्याच देशातला. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातील चरखी दादरी. दिल्लीहून निघालेले सौदीचे विमान चौदा हजार फुटांवर होते. दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजारांवर राहायचे होते. नियंत्रकाने दोघांनाही सूचना दिली होती, समोर कोण आहे हेही सांगितले होते. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आले. दोन्ही विमानांतील ३४९ माणसांपैकी कुणीही वाचले नाही. येण्याचा आणि जाण्याचा मार्ग एकच होता, आणि त्या वेळच्या दिल्लीच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, पण उंची दिसत नसे. त्यानंतर मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारी रडार आली, टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. आमचे प्रशिक्षक ही हकिगत सांगताना नेहमी त्या नियंत्रकावर येऊन थांबत. त्याचे सर्व शब्द बरोबर होते, आणि पडद्यावरचे दोन ठिपके मात्र नाहीसे झाले. वर्गात त्यानंतर बराच वेळ कुणी बोलत नसे.

पहिली नेमणूक महाराष्ट्राबाहेर एका मध्यम विमानतळावर झाली. तेथे लगेच खुर्ची मिळत नाही. अनुभवी नियंत्रक शेजारी बसतो, त्याच्याही कानांवर हेडसेट असतो आणि तो केव्हाही तुमचा आवाज तोडून स्वतः बोलू शकतो. असे ठरावीक तास भरल्यावर मंडळासमोर तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा होते; उत्तीर्ण झालात की त्या ठिकाणापुरते ‘रेटिंग’ मिळते. बदली झाली की नव्या ठिकाणी पुन्हा शिकायचे, पुन्हा परीक्षा. या नोकरीत परीक्षा संपत नाहीत, हे येणाऱ्यांनी आधीच समजून असावे.

स्वतंत्रपणे बसू लागल्यावर काही महिन्यांनी, पावसाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. ढग दाटले होते. एक विमान उतरायला येत होते, दुसरे सहा हजार फुटांवरून त्याच्या वाटेला छेदत बाहेर निघाले होते. येणाऱ्याला मी सात हजारांपर्यंत उतरण्याची सूचना दिली. रीडबॅक आला, स्वच्छ, आत्मविश्वासाने भरलेल्या आवाजात, सहा हजारांचा. पुढे-मागे बाकी सारे शब्द बिनचूक होते. मी ‘निगेटिव्ह’ म्हटले आणि सात हजार पुन्हा सांगितले, सुटेसुटे करून. तिकडे दोन सेकंद शांतता, मग योग्य उत्तर. एवढेच. अशा गोष्टी पकडल्या जाव्यात म्हणूनच रीडबॅक असतो. पुढची वीस मिनिटे काम नेहमीसारखे चालले. पाळी संपून खाली उतरल्यावर मात्र पेल्यातील चहा हिंदकळू लागला, तेव्हा हात थरथरत असल्याचे माझ्या लक्षात आले. त्या विमानात किती माणसे होती, हे मी मुद्दामच पाहिले नाही. सहकारी म्हणाला, ‘पाहायचे नसते.’

बाबा एकदा विमानतळ पाहायला आले. मनोऱ्यात बाहेरच्यांना प्रवेश नसतो, म्हणून आम्ही कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिलो. एक विमान उतरले. त्यांनी विचारले, याला आता कोण सांगत होते? मी सहकाऱ्याचे नाव सांगितले. ‘त्याले जेवाले सुट्टी भेटते ना?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न. काही तासांनी विश्रांती मिळते, दमलेल्या माणसाला तेथे बसू देत नाहीत, हे ऐकून त्यांचे समाधान झाले. मिलमध्ये अशी पद्धत नव्हती.

गेल्या वर्षी विद्यालयातील बारावीच्या तीन मुलींनी मला पत्र पाठवून काही प्रश्न विचारले होते. त्यांना वेगळे उत्तर दिले आहेच. इतरांसाठी येथे लिहिते. बारावीनंतर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. अभियांत्रिकीच हवी असे नाही, साधी बी.एस्सी. चालते. केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र जाहिरात येण्याची वाट न पाहता काढून ठेवा. अडवणूक झाली तर १९९० च्या दुरुस्तीची प्रत आता माझ्यापाशीही आहे. रात्रपाळी असते, सणावाराला घरी जाता येईलच असे नाही, आणि मुलींना यात काही वेगळी सवलत नाही. तशी कुणी मागतही नाही. इंग्रजी रोज मोठ्याने वाचा, समोर कुणाला तरी उभे करून. आणि तिघींपैकी एकीने अगदी शेवटी, बारीक अक्षरांत विचारले होते त्याचे उत्तर: हो, चष्मा असला तरी चालतो. मलाही आहे.